हेलियम नेमका कधी सापडला? एका पिवळ्या रेषेचं प्रकरण

विजयदुर्ग किल्ल्यावर गेलात की कुणी ना कुणी 'साहेबाचे कट्टे' दाखवतंच. या कट्ट्यांवर दुर्बीण लावून लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने, म्हणजे त्या 'साहेबा'ने, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात हेलियमचा शोध लावला, असं सांगितलं जातं. त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. गोष्ट सुरेख आहे, आणि तिचे तुकडे सुटेसुटे तपासले तर बहुतेक खरेही निघतात. ग्रहण खरं, तारीख खरी, विजयदुर्ग खग्रास पट्ट्यात होता हे खरं, लॉकियर विजयदुर्गाला आला होता हेसुद्धा खरं. फक्त १८ ऑगस्ट १८६८ ला नॉर्मन लॉकियर इंग्लंडमध्ये होता. ते ग्रहण त्याने पाहिलंच नाही.

दोन वेगळ्या ग्रहणांची सरमिसळ झाली असावी. लॉकियर कोकणात आला तो जानेवारी १८९८ मध्ये, तीस वर्षांनंतर. त्या भेटीकडे शेवटी वळू. पण स्थळ दुरुस्त केलं म्हणून प्रकरण मिटत नाही. लॉकियर नव्हता तर मग हेलियम शोधला कुणी? फ्रान्सच्या खगोलशास्त्रज्ञ जान्सनने, असं पुष्कळ पाठ्यपुस्तकं सांगतात; तोही अंगाशी येणारा दावा आहे. आणि तारीख? हेलियमची खूण म्हणजे सूर्याच्या प्रकाशातली एक पिवळी रेषा. १८ ऑगस्टला ज्यांनी ज्यांनी ती पाहिली, त्यातल्या बहुतेकांनी तिला चक्क सोडियमची रेषा म्हणून टाकलं होतं. विज्ञानात 'शोध लागला' असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय घडलेलं असतं, हे पाहायला या रेषेइतकं चांगलं प्रकरण मला दुसरं ठाऊक नाही.

त्या दिवशी कोण कुठे होतं

एडनकडून आलेली सावली अरबी समुद्र ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर चढली, दख्खन पार करत मछलीपट्टणमला बंगालच्या उपसागरात उतरली आणि पुढे सयामकडे गेली. हिंदुस्थानात खग्रास स्थिती पाच मिनिटांहून थोडी जास्त टिकणार होती. ग्रहणाच्या हिशेबात ही चैनच. त्याआधीच्या मोठ्या ग्रहणात, १८६० मध्ये, फोटोंवरून एवढं पक्कं झालं होतं की चंद्राच्या कडेला दिसणारे लाल उंचवटे सूर्याचेच आहेत, चंद्राचे नाहीत. त्यांना आपण तेजशृंगं म्हणू. ती कशाची बनली आहेत हे विचारायचं साधन, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून दाखवणारा वर्णपटदर्शक, या ग्रहणात पहिल्यांदाच त्यांच्यावर रोखलं जाणार होतं.

म्हणून गर्दी झाली. गुंटूरला मेजर टेनंट होता, त्याच गावात पियेर जान्सनही. जमखिंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल, त्याच नावाच्या प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञाचा मुलगा आणि युरेनस शोधणाऱ्या विल्यमचा नातू. मद्रास वेधशाळेचा नॉर्मन पॉगसन मछलीपट्टणमला. त्याच वेधशाळेतल्या चिंतामणी रघुनाथाचारींची तुकडी वनपर्तीला गेली होती. सयामच्या बाजूला फ्रेंच राये. दिवस ऑगस्टचे, त्यामुळे ढगांनी अनेकांचा जीव टांगणीला लावला. जमखिंडीला हर्शेलला जे दिसलं ते ढगांच्या फटींतून.

सगळ्यांना दिसलं ते थोडक्यात असं: तेजशृंगांचा वर्णपट इंद्रधनुष्यासारखा सलग नव्हता, त्यात सुट्या तेजस्वी रेषा होत्या. म्हणजे तो तापलेला वायू. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांच्या जागा ठरलेल्या असतात. लाल आणि निळ्या रेषा हायड्रोजनच्या ठिकाणी बसत होत्या. आणि एक पिवळी, कुणाला नारिंगी भासलेली, रेषा होती. हर्शेलने ती डी असल्याचं लिहिलं, आपल्या यंत्राच्या कुवतीत जितकं ठरवता येतं तितकं ठरवून. टेनंटनेही डी, रायेनेही डी. पॉगसन एकटा जरा अडखळला: डी च्या जागी किंवा डी च्या जवळ. त्याचा अहवाल युरोपात फारसा पोहोचलाच नाही.

डी म्हणजे काय, हे इथे डोळ्यांसमोर आणायला हवं. मिठाची चिमूट निळ्या ज्योतीत सोडा, ज्योत पिवळीधमक होते. तिच्याकडे साध्या वर्णपटदर्शकातून पाहा, एक पिवळी रेषा दिसते. जरा भारी यंत्रातून पाहा, तीच रेषा दोन होते, एकमेकींना खेटून उभ्या: एक ५८९.६ नॅनोमीटरवर, दुसरी ५८९.० वर. या डी-१ आणि डी-२, सोडियमच्या. प्रयोगशाळेत ज्याने कधी ज्योत पाहिली आहे त्याला ही जोडी नको जीव करते, कारण मीठ सगळीकडे असतं. धूळ झटकली तरी ज्योत पिवळी होते. पिवळी रेषा दिसली की 'सोडियम' म्हणायला डोक्याला विचारावंच लागत नाही, तोंडच म्हणतं.

ग्रहणात दिसलेली रेषा होती ५८७.६ वर. सोडियमच्या दोघींत ०.६ चं अंतर, आणि ही डी-२ पासून १.४ अंतरावर. म्हणजे जवळच, पण शेजारच्या घरात नाही, दोन घरं सोडून. त्या दिवशीच्या प्रवासी यंत्रांतून, हातात मिनिटं मोजकी, वर ढग, अशा वेळी हा फरक धरणं सोपं नव्हतं. निरीक्षण सिद्धांताच्या चष्म्यातून होतं असं तत्त्वज्ञ सांगतात, आणि हे उदाहरण त्यांना आयतं सापडतं. मला ते अर्धंच पटतं. सोडियमची अपेक्षा होती हे खरं. पण यंत्रात आणखी एक-दोन लोलक असते तर सोडियमवर कितीही श्रद्धा असलेल्या माणसालाही रेषा जागेवर नाही हे दिसलंच असतं. चष्मा सिद्धांताचा होता तसा काचेचाही होता.

दुसऱ्या दिवशीची सकाळ, आणि दोन पत्रं

जान्सनचं खरं काम १९ ऑगस्टचं आहे. खग्रास चालू असतानाच तेजशृंगांच्या रेषा त्याला इतक्या लखलखीत दिसल्या की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात, असं त्याच्या मनाने घेतलं. त्या दिवशी ढगांनी संधी दिली नाही. दुसऱ्या सकाळी त्याने वर्णपटदर्शकाची चीर सूर्याच्या कडेवर नेली, आणि रेषा हजर.

यामागची युक्ती साधी आहे. तेजशृंगं एरवी दिसत नाहीत ती आकाशाच्या झगमगाटामुळे. पण हा झगमगाट म्हणजे सगळ्या रंगांचा प्रकाश. लोलकांनी तो लांबलचक पसरला की फिका पडतो, जसा मूठभर रंग मोठ्या भिंतीवर. तेजशृंगाचा प्रकाश मात्र दोन-चार रेषांतच साठलेला असतो, तो पसरत नाही. पुरेसं पसरवा, पार्श्वभूमी विझते आणि रेषा उरतात.

हीच युक्ती लॉकियरला दोन वर्षं आधी सुचली होती. तो युद्धखात्यात कारकून होता, खगोलशास्त्र हा फावल्या वेळचा उद्योग. त्याला हवं तसं मोठं यंत्र बनवून मिळायला प्रचंड उशीर झाला. यंत्र हातात आलं १६ ऑक्टोबर १८६८ ला. चार दिवसांनी, २० तारखेला, त्याला तेजशृंगाच्या रेषा दिसल्या. जान्सनने महिनाभर थांबून पाठवलेलं पत्र समुद्रमार्गे जात होतं. २६ ऑक्टोबरला पॅरिसच्या विज्ञान अकादमीत दोघांची बातमी एकाच बैठकीत सांगितली गेली. फ्रेंच सरकारने १८७२ मध्ये दोघांचे चेहरे एकत्र असलेलं पदक काढलं.

हे पदक होतं ग्रहणाशिवाय तेजशृंगं पाहण्याच्या पद्धतीसाठी. पुढे हेलियम प्रसिद्ध झाल्यावर 'दोघांनी मिळून शोध लावला' हे वाक्य तेवढं उरलं, आणि कशाचा शोध हा तपशील गळून त्याच्या जागी हेलियम बसला. जान्सनच्या गुंटूरच्या वृत्तांतांत भर आहे तो हायड्रोजनच्या रेषांवर. पिवळीबद्दल त्याने कसलाही दावा केला नव्हता. माणूस मोठाच होता, त्याला हे उसनं श्रेय लागत नाही.

मोजणं आणि नाव ठेवणं

लॉकियरच्या नोंदीत मात्र फरक आहे. त्याने लिहिलं की तीन रेषांपैकी एक डी च्या जवळ आहे, पण डी वर नाही. निळ्या बाजूला किंचित सरकलेली. ग्रहण नसल्यामुळे त्याला घाई नव्हती. आज पाहायचं, उद्या पुन्हा पाहायचं, सोडियमच्या जोडीशी ताडून पाहायचं. रेषेला डी-३ हे नाव पडलं.

सोडियम नाही म्हणजे नवं मूलद्रव्य, अशी उडी त्यानेही लगेच मारली नाही. पहिला संशय हायड्रोजनवरच होता, कारण डी-३ दिसायची ती हायड्रोजनच्या रेषांसोबतच. एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाबरोबर त्याने नळ्यांत हायड्रोजन घेऊन दाब आणि तापमान बदलून पाहिलं. डी-३ निघाली नाही. तेजशृंगांत उलथापालथ चालू असताना हायड्रोजनच्या रेषा आणि डी-३ नेहमी सारख्या वागतात असंही दिसत नव्हतं. आणखी एक विचित्र गोष्ट होती. सूर्याच्या नेहमीच्या वर्णपटात हायड्रोजनच्या जागी काळ्या रेषा असतात. डी-३ च्या जागी तशी काळी रेषा नव्हती. हे तिला हायड्रोजनपासून वेगळं काढायला उपयोगी होतं, पण नव्या द्रव्याच्या बाजूने साक्ष द्यायला अडचणीचं: द्रव्य सूर्यावर आहे, तर मग त्याची सावली का नाही?

नाव छापील जगात आलं ते तिसऱ्याच माणसाच्या तोंडून. १८७१ मध्ये एडिंबरा इथे ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने, सांगितलं की फ्रँकलंड आणि लॉकियर या पिवळ्या रेषेच्या द्रव्याला हेलियम म्हणू इच्छितात. ग्रीक 'हेलिओस', सूर्य. शेवटचं 'इयम' सोडियम-कॅल्शियमच्या चालीवर, धातू असणार अशा समजुतीने लावलेलं. वायू निघेल अशी कल्पना असती तर कदाचित पुढच्या निऑन-अरगॉनसारखं त्याचं 'हेलिऑन' झालं असतं. ही चूक तेवढी कायमची चिकटली.

त्या काळच्या नजरेने पाहिलं तर लॉकियरचा तर्क धाडसी होता का? फारसा नाही. आधीच्या दहा वर्षांत अनोळखी रेषा दिसली आणि नवं मूलद्रव्य निघालं असं चारदा झालं होतं: सीझियम १८६०, रुबिडियम आणि थॅलियम १८६१, इंडियम १८६३. पण त्या चौघांत आणि हेलियममध्ये एक ठसठशीत फरक होता. तिथे रेषा दाखवणारा पदार्थ टेबलावर होता. थोडा आटवला, गाळला, वेगळा केला, तोलला. हेलियमचा नमुना पंधरा कोटी किलोमीटर दूर होता. नाव ठेवणं म्हणजे हुंडी लिहिण्यासारखं होतं, आणि ती वटवायला कोणती पेढी आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

पुढची सव्वीस-सत्तावीस वर्षं डी-३ अशीच राहिली. खगोलवाले तिला रोज पाहत, रसायनवाले तिच्याकडे काणाडोळा करत. आवर्तसारणी १८६९ ची, तिच्यात या द्रव्यासाठी घर नव्हतं. निष्क्रिय वायूंचा रकानाच अजून जन्मला नव्हता. फ्रँकलंडचा उत्साह कधीच फार नव्हता. आणि गंमत म्हणजे लॉकियर स्वतःच आपल्या तर्काचा पाया पोखरत होता. त्याची पुढची आवडती कल्पना अशी की तीव्र उष्णतेत ओळखीची मूलद्रव्यंही फुटतात आणि त्यांच्या रेषा बदलतात. हे जर खरं, तर अनोळखी रेषा म्हणजे ओळखीच्याच द्रव्याचा बदललेला चेहरा असू शकतो. मग डी-३ तरी कशावरून नवी? या प्रश्नाला त्या काळात कुणापाशीही पक्कं उत्तर नव्हतं.

ज्याच्या हातातून हेलियम निसटला

आता या प्रकरणातलं माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं पात्र. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातला रसायनशास्त्रज्ञ विल्यम हिलेब्रँड. १८९० च्या सुमाराला तो युरेनियमच्या खनिजांचं पृथक्करण करत होता. खनिज आम्लात उकळलं की एक निष्क्रिय वायू बुडबुडत निघायचा. त्याने तो तपासला आणि नायट्रोजन म्हणून नोंदवला.

पुढे, हेलियम सापडल्यावर, त्याने तो वायू मिळवणाऱ्या विल्यम रॅम्झी या रसायनशास्त्रज्ञाला प्रांजळ पत्र लिहिलं. त्यातला मजकूर असा: आम्हाला त्या वायूच्या वर्णपटात काही अनोळखी रेषा दिसल्या होत्या. काही पारा वगैरेंच्या म्हणून मिटवता आल्या, काही कुठल्याच नकाशात बसेनात. पण नळीतला दाब, विजेचा प्रवाह बदलला की पुष्कळ द्रव्यांचे वर्णपट बदलतात हे माहीत असल्यामुळे आम्ही त्या तशाच कारणाच्या मानल्या. आमच्यापैकी एकाने नवं मूलद्रव्य असेल असं अर्धवट थट्टेत सुचवलंही होतं. ते आम्ही सोडून दिलं.

हे वाचून हिलेब्रँडला हसणं सोपं आहे. मला उलट त्याचा आदर वाटतो, कारण त्याचा नियम अगदी शहाणपणाचा होता: परिस्थिती बदलली की रेषा बदलतात, तेव्हा अनोळखी रेषा दिसल्याबरोबर बारसं करू नका. हा नियम लक्षात ठेवा, थोड्या वेळाने तो पुन्हा लागणार आहे.

रॅम्झी त्या वेळी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात होता. त्याने आणि रॅलेने नुकताच अरगॉन जाहीर केला होता आणि हवेबाहेर अरगॉन कुठे मिळेल याच्या तो शोधात होता. ब्रिटिश म्युझियममधल्या हेन्री मायर्सने त्याला हिलेब्रँडच्या 'नायट्रोजन'ची आठवण करून दिली. मार्च १८९५ मध्ये रॅम्झीने क्लेव्हाइट नावाचं युरेनियमचं खनिज आम्लात उकळलं, वायू स्वच्छ केला, नळीत भरून वीज सोडली. अरगॉनऐवजी एक झगझगीत पिवळी रेषा समोर आली, आणि ती सोडियमच्या जोडीशी काही केल्या जुळेना. त्याने नमुना विल्यम क्रुक्सकडे पाठवला, लॉकियरकडेही. क्रुक्सचं मोजमाप आलं: डी-३. लॉकियर तेव्हा ५८ वर्षांचा होता. बत्तिसाव्या वर्षी दुर्बिणीत पाहिलेली रेषा आता काचेच्या नळीत होती.

पुस्तकं इथे थांबतात. प्रकरण थांबत नाही, आणि पुढचा भाग कमी सांगितला जातो म्हणून मुद्दाम सांगतो. जर्मनीत कार्ल रुंगेने क्लेव्हाइटच्या वायूची पिवळी रेषा अधिक बारकाईने पाहिली, तर ती एकेरी नव्हतीच: एक ठळक रेषा आणि तिला चिकटलेली एक फिकी. सूर्याची डी-३ मात्र तोवर सगळे एकेरी समजत होते. रुंगेने सरळ सांगितलं की सूर्यावरची रेषाही जोड निघाली नाही, तर हा वायू सूर्यावरच्या हेलियमचा नव्हे. म्हणजे नळी हातात, नाव ठेवलेलं, सत्तावीस वर्षांची वाट संपलेली, आणि एका फिक्या रेषेवर सगळं पुन्हा टांगणीला. इंग्लंडमध्ये हगिन्सने पाहिलं, त्याला आधी एकेरीच दिसली. मग त्यालाही आणि अमेरिकेत हेललाही ती फिकी सोबतीण दिसली. सूर्याची डी-३ जोडच होती. ज्याला कसोटी म्हणतात ती ही: उत्तर उलटं आलं असतं तर माघार घ्यावी लागली असती.

दोन हिरव्या रेषा

इथवर ऐकलं की लॉकियर द्रष्टा वाटू लागतो. म्हणून आता त्याच काळातल्या आणखी दोन रेषा शेजारी ठेवतो.

पहिली १८६४ ची. विल्यम हगिन्सने एका तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक वळवला आणि त्याला हिरव्या रेषा दिसल्या, ५०० नॅनोमीटरच्या आसपास. प्रयोगशाळेतल्या कुठल्याच द्रव्याशी त्या जुळेनात. तेजोमेघात असणारं नवं मूलद्रव्य, नाव नेब्युलियम. दुसरी ७ ऑगस्ट १८६९ ची. अमेरिकेतल्या ग्रहणात चार्ल्स यंग आणि विल्यम हार्कनेस यांना सूर्याच्या प्रभामंडळात, म्हणजे त्याच्या सर्वांत वरच्या विरळ वातावरणात, एक हिरवी रेषा दिसली. तिचंही कुणी सापडेना. नाव कोरोनियम.

तर्क तोच. अनोळखी रेषा, ओळखीच्या द्रव्यांशी ताडून पाहिलं, जमलं नाही, म्हणून नवं द्रव्य. १८९५ मध्ये हेलियमची हुंडी वटल्यावर या दोघांची पतही वाढली. एकाचं बरोबर निघालं, दुसऱ्यांचंही निघेल. मेंडेलेएव्हने तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हायड्रोजनहून हलकं द्रव्य म्हणून कोरोनियमला सारणीत जागाही देऊन टाकली.

दोन्ही हुंड्या परत आल्या. १९२७ मध्ये आयरा बोवेनने दाखवलं की नेब्युलियमच्या रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या साध्या ऑक्सिजनच्या आहेत. तेजोमेघ इतका विरळ असतो की तिथे अणूला दुसऱ्या अणूची धडक बसण्याआधी भरपूर सवड मिळते, आणि पृथ्वीवरच्या नळीत जो प्रकाश टाकायची त्याला संधीच मिळत नाही तो तिथे टाकता येतो. कोरोनियमचा निकाल ग्रोट्रियन आणि एडलेन यांच्या कामातून १९४० च्या आगेमागे लागला: ती रेषा तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. त्यासाठी तापमान लागतं दहा लाख अंशांच्या घरातलं. खाली सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा आणि वरचं विरळ वातावरण लाखांत, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आता हिलेब्रँडचा नियम आठवा. परिस्थिती बदलली की रेषा बदलतात, बारसं करू नका. नेब्युलियम आणि कोरोनियमच्या बाबतीत नेमका हाच नियम बरोबर ठरला. हेलियमच्या बाबतीत याच नियमाने हातातलं मूलद्रव्य घालवलं. लॉकियरचा नियम एका ठिकाणी जिंकला, दोन ठिकाणी हरला. हिलेब्रँडचा दोन ठिकाणी जिंकला असता, एका ठिकाणी हरला. दोघांपैकी वैज्ञानिक पद्धत कुणाची, या प्रश्नाला मला उत्तर देता येत नाही, आणि जो चटकन देईल त्याच्यावर माझा विश्वास बसणार नाही.

उलट्या दिशेची फसगतही नोंदवतो. १८९६ मध्ये एडवर्ड पिकरिंगला एका ताऱ्याच्या प्रकाशात रेषांची एक मालिका सापडली आणि ती हायड्रोजनची, वेगळ्या अवस्थेतली, असं मानलं गेलं. १९१३ मध्ये नील्स बोरने ती एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमची असल्याचं सांगितलं. म्हणजे इथे 'ओळखीचंच द्रव्य, वेगळ्या परिस्थितीत' हे स्पष्टीकरण धरलं, ते बरोबरही होतं, फक्त द्रव्य चुकीचं पकडलं होतं.

मग १८७१ मध्ये बसून हेलियम आणि कोरोनियम यांत फरक करता आला असता का? माझं मत: नाही, किंवा फार थोडा. डी-३ च्या बाजूने एक जमेची गोष्ट होती, ती म्हणजे रोज पाहता येत होती. कोरोनियमची रेषा दिसायला तेव्हा ग्रहण लागे, म्हणजे काही वर्षांतून काही मिनिटं. त्यामुळे हेलियमवर प्रश्न विचारायला वेळ मिळाला. बाकी निकाल आला तो दोन्ही बाबतींत बाहेरून. हेलियमचा खनिजांच्या रसायनशास्त्रातून, कोरोनियमचा अणूच्या रचनेतून. १९१३ मध्ये मोझलीने अणुक्रमांक मोजायची रीत दिली, तेव्हा हलक्या मूलद्रव्यांत रिकामी खुर्चीच उरली नाही हे उघड झालं. ज्या तर्काला १८७१ मध्ये जागाच जागा होती, त्याला चाळीस वर्षांनी पाय ठेवायला जागा नव्हती. तर्क तोच राहिला, घर भरलं.

तारखेचा प्रश्न

टॉमस कून या विज्ञानाच्या इतिहासकाराने ऑक्सिजनबद्दल एक गोष्ट दाखवली होती. शीले, प्रीस्टली, लव्हॉयजे यांच्यापैकी ऑक्सिजनचा शोध कुणी आणि कोणत्या दिवशी लावला, हे सांगता येत नाही, कारण काहीतरी आहे हे कळणं आणि ते काय आहे हे कळणं या दोन गोष्टी एका क्षणी घडत नाहीत. ऑक्सिजनच्या बाबतीत मधलं अंतर काही वर्षांचं. हेलियमच्या बाबतीत ते इतकं ताणलं गेलं की मधली प्रत्येक पायरी सुटी दिसते.

१८ ऑगस्टला रेषा दिसली, पण सोडियमची म्हणून. ऑक्टोबरमध्ये ती सोडियमची नाही एवढं कळलं. १८७१ ला नाव आलं, वस्तू आली नाही. १८९५ च्या मार्चमध्ये वायू आला, त्याच वर्षी पुढे रेषा जोड निघाली आणि सूर्यावरचा नि नळीतला वायू एकच असल्याची खात्री पटली. यातला कोणताही एक दिवस उचलून त्याच्यावर 'शोध' अशी पाटी लावली तर बाकीच्यांवर अन्याय होतो, आणि सर्वांत जास्त अन्याय १८ ऑगस्टच्या पाटीने होतो. त्या दिवशी शोधाचा कच्चा माल मिळाला. तो कच्चा माल आहे हेही त्या दिवशी माहीत नव्हतं. निवडायचाच झाला तर मी पॉगसनचा तो 'किंवा जवळ' निवडेन, शोध म्हणून नव्हे, त्या दिवशीचं सर्वांत प्रामाणिक निरीक्षण म्हणून.

विजयदुर्ग, १८९८

आता तो राहिलेला धागा. २२ जानेवारी १८९८ ला पुन्हा खग्रास ग्रहण महाराष्ट्रावरून गेलं. हवा कोरडी, आकाश निरभ्र. जेऊरला पुण्याच्या कावसजी दादाभाई नायगमवालांची छावणी होती, लिक वेधशाळेचा कॅम्पबेलही तिथेच. लॉकियर विजयदुर्गाला उतरला, सोबत 'मेलपोमीनी' या ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी, ज्यांना तालीम देऊन एकेका उपकरणावर नेमलं होतं. हातात मिनिटं जेमतेम दोन.

हेलियमचा निकाल तीन वर्षांपूर्वीच लागला होता. या वेळी कोडं होतं ते प्रभामंडळाचं, आणि त्यात ती हिरवी रेषा. तिचा पूर्वेतिहास मजेचा आहे. १८६९ मध्ये यंगने तिची जागा मोजली तेव्हा ती ५३१.७ नॅनोमीटरच्या एका ओळखीच्या रेषेवर बसते असं त्याला वाटलं, आणि ती ओळखीची रेषा होती लोखंडाची. पण लोखंडाच्या बाकीच्या ढीगभर रेषांचा प्रभामंडळात पत्ता नव्हता, शिवाय इतकं जड द्रव्य इतक्या उंचीवर कसं तरंगेल? म्हणून लोखंड बाद झालं आणि कोरोनियम उभं राहिलं. १८९८ च्या ग्रहणातले वर्णपटाचे फोटो मोजल्यावर कळलं की तीस वर्षं रेषेचा पत्ताच चुकीचा लिहिला जात होता. ती ५३१.७ वर नव्हती, ५३०.३ वर होती. लोखंडाच्या त्या रेषेशी तिचं जे काही नातं उरलं होतं तेही तुटलं, आणि कोरोनियमची बाजू आणखी भक्कम झाली.

मोजमाप बिनचूक होतं. रेषा लोखंडाचीच होती.